कॅप्शन एन्कोडर स्क्रिप्ट फाइलच्या भरवशावर सोडावा का?

ओळ_एकवीस (धागाकर्ता)
थेट प्रक्षेपणाआधी एन्कोडर (टीव्ही सिग्नलमध्ये कॅप्शनं घालणारं यंत्र) रिअल-टाइम मोडमध्ये (तिथल्या तिथे येणारी कॅप्शनं घालण्याच्या स्थितीत) घेणं, ओळींची जागा ठरवणं, कार्यक्रम संपला की परत पास-थ्रूवर (आधीची कॅप्शनं जशीच्या तशी पुढे सोडण्यावर) आणणं, ही कामं हातानं टाइप करण्यात काही अर्थ नाही. साधी टेक्स्ट फाइल, ओळीला एक कमांड, सिरीयल पोर्टवर (थेट केबलनं) किंवा टेलनेटवर (नेटवर्कवरून) पाठवून द्यायची. हातानं करताना हमखास राहतं ते शेवटचं पाऊल. मग एन्कोडर रिअल-टाइममध्येच अडकतो आणि पुढच्या रेकॉर्डेड कार्यक्रमात आधीपासून असलेली कॅप्शनं अडवून धरतो. चित्र ठीक, आवाज ठीक, त्यामुळे कंट्रोल रूममध्ये कुणाला पत्ताही लागत नाही. स्क्रिप्ट विसरत नाही.

रात्रपाळी
असहमत. विसरत नाही, पण बघतही नाही! आरएस-२३२ च्या, म्हणजे त्या सिरीयल पोर्टच्या, केबलमध्ये बऱ्याचदा तीनच तारा जोडलेल्या असतात: पाठवणं, घेणं, ग्राउंड. म्हणजे हार्डवेअर फ्लो कंट्रोल ('थांब, जागा नाही' असं वेगळ्या तारेवरून सांगणं) नाहीच. बफर भरला की मधली अक्षरं गळतात आणि स्क्रिप्ट 'काम झालं' म्हणून मोकळी. एका टोकाला ७ बिट ऑड पॅरिटी (चूक पकडायचा जादा बिट) आणि दुसऱ्याला ८ बिट बिनपॅरिटी असेल, तर कमांड पोचूनही एन्कोडरला कळत नाही. समोर बसलेल्या माणसाला उत्तर आलं नाही हे लगेच दिसतं.

ड्रॉपफ्रेम
दोघांचंही वेगाकडे दुर्लक्ष होतंय. ६०८ कॅप्शनमध्ये (टीव्ही कॅप्शनचं जुनं मानक) एका फील्डला (फ्रेमच्या अर्ध्या भागाला) दर फ्रेमला दोनच बाइट मिळतात. ३२ अक्षरांच्या दोन भरगच्च ओळी पॉप-ऑन पद्धतीनं (आधी मेमरीत भरून मग एकदम) दाखवायच्या, तर मजकुरालाच ३२ फ्रेम लागतात. शिवाय कंट्रोल कोड दोनदा पाठवायचे असतात: लोडिंग सुरू करण्याचे २, मागची मेमरी पुसण्याचे २, दोन ओळींच्या जागेचे ४ आणि शेवटी पडद्यावर आणण्याचे २. झाल्या ४२ फ्रेम. २९.९७ च्या हिशेबानं साधारण १.४ सेकंद. वाक्य सुरू होताना कमांड सोडणारी स्क्रिप्ट उशीर करणारच. मजकूर आधी भरून ठेवा, ऐन वेळी फक्त शेवटचा कोड सोडा.

आणि प्रत्येक ओळीनंतर 'स्लीप २' (दोन सेकंद थांब) लिहिणं बंद करा. पाठवायला लागलेला वेळ त्यात धरला जात नाही, उशीर साचत जातो. टाइमकोड (प्रत्येक फ्रेमला दिलेली वेळ) वाचून चालवा. तेही ड्रॉप-फ्रेम (घड्याळाशी जुळायला काही फ्रेम-क्रमांक वगळणारा) की नॉन-ड्रॉप ते तपासून, नाहीतर तासाला १०८ फ्रेमचा, म्हणजे ३.६ सेकंदांचा फरक पडतो.

सातबिट
ड्रॉपफ्रेमशी सहमत. भर घालतो: फाइल कुठल्या एडिटरमध्ये सेव्ह केली तेही बघा. युटीएफ-८ सोबत बीओएम (काही एडिटर फाइलच्या सुरुवातीला घालतात ती खूण) गेला तर सुरुवातीला तीन अदृश्य बाइट येतात आणि नेमकी पहिलीच कमांड वाया जाते. वळणदार अवतरणचिन्हाचेही तीन बाइट होतात, पडद्यावर कचरा दिसतो. ओळीच्या शेवटी कॅरेज रिटर्न हवा असताना नुसता लाइनफीड (दोन्ही ओळ संपल्याच्या अदृश्य खुणा) गेला, तर एन्कोडर वाट बघत ढिम्म बसून राहतो.

ओळ_एकवीस
रात्रपाळी, हा स्क्रिप्टचा नाही, ती लिहिणाऱ्याचा दोष. प्रत्येक कमांडनंतर उत्तर वाचायचं, दोन सेकंदांत आलं नाही तर एकदा परत पाठवायचं, तरीही नाही आलं तर थांबून अलार्म द्यायचा. कार्यक्रम संपल्यावर स्थिती विचारायची. पास-थ्रूची कमांड अशा ठिकाणी लिहायची की स्क्रिप्ट मध्येच मेली तरी ती जाईल.

रात्रपाळी
नेटवर्कच गेलं तर ती जाणार कशी? टेलनेट अर्धवट तुटलं की काही एन्कोडर जुनी जोडणी धरून बसतात आणि नवीन घेतच नाहीत. बायपास रिले आहे म्हणून निश्चिंत राहू नका. वीज गेली की तो सिग्नल आरपार सोडतो, हे खरं. पण एन्कोडर चालू असून चुकीच्या मोडमध्ये असेल तर त्याला काय कळणार?

माझी मागणी सोडलेली नाही: जीपीआयचं (एन्कोडरला थेट तारेनं जोडलेल्या स्विचचं) वेगळं बटण हाताशी हवं आणि एन्कोडरनंतरच्या आउटपुटवर डीकोडर लावून कॅप्शनं मॉनिटरवर सतत उघडी हवीत. एवढं असेल तर चालवा खुशाल स्क्रिप्ट.

ड्रॉपफ्रेम
मॉनिटरवर सीसी१ (पहिल्या फील्डमधली कॅप्शनं) सोबत सीसी३ (दुसऱ्या फील्डमधली) पण लावा. दुसऱ्या फील्डमधली भाषा बंद पडली तर पहिल्याकडे बघून काहीच कळत नाही.