माकड दोडामार्गात मरतं, उत्तर पुण्याहून येतं : कोकणाला स्वतःची पशुरोग प्रयोगशाळा हवी की नको?

काजूकर :
बुधवारी सकाळी बागेच्या वरच्या अंगाला, रानाच्या कडेशी एक वानर मेलेलं दिसलं. काजू गोळा करणाऱ्या बायकांनी टोपल्या तिथंच ठेवल्या आणि खाली आल्या. मी त्यांना काही बोललो नाही. २०१६ मध्ये माकडताप, म्हणजे गोचिडी चावून माणसाला होणारा विषाणूचा ताप, आमच्या दोडामार्ग तालुक्यात पहिल्यांदा आला, पुढच्या वर्षी बांद्याच्या बाजूला सरकला. तेव्हा ज्या घरांतली माणसं गेली ती घरं या बायकांना नावानिशी ठाऊक आहेत.

वानर मेलं की अंगावरच्या गोचिडी उतरतात आणि पालापाचोळ्यात दुसरं अंग शोधतात. म्हणजे मेलेलं वानर ही आम्हाला सगळ्यांत आधी मिळणारी खबर. पण ती माकडतापाची की साध्या मरणाची, हे सांगणार कोण? फोन लावत बसलो. एकाने दुसऱ्याचा नंबर दिला, दुसऱ्याने तिसऱ्याचा. आमच्याकडे हसून म्हणतात, "माकड मेला म्हणान कोण कलेक्टराक फोन करता?" माझं तेवढंच करायचं राहिलं होतं. बरं, कोणी येऊन नमुना घेतला तरी तो आंबोली घाट चढून पुण्याला विषाणू संस्थेत जाणार. पक्ष्यांचं असेल तर आणखी लांब. २०२१ च्या जानेवारीत दापोलीत कावळे मेले तेव्हा बर्ड फ्लूवर शिक्का भोपाळच्या उच्च सुरक्षा पशुरोग संस्थेचाच लागला.

काजूचा हंगाम आणि माकडतापाचा हंगाम एकाच वेळी येतात. बोंडू रोज गळतो, तो अहवालाची वाट बघत नाही. म्हणून म्हणतो, रत्नागिरी किंवा सिंधुदुर्गात जनावरांच्या रोगांसाठी पीसीआर (विषाणूचा जनुकीय अंश शोधणारी चाचणी) करणारी एक तरी प्रयोगशाळा हवी. पटत नसेल त्यांनी का ते लिहा.

वायरमन_दापोली :
पटत नाही. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा मी लाइनवर होतो. खांब मोजायचेसुद्धा सोडून दिले होते आम्ही. काही वाड्यांना महिना उलटला तरी वीज देता आली नाही. आता अशा ठिकाणी तुम्ही उणे ८० अंशांचा फ्रीझर ठेवणार, त्यात रोगाचे नमुने. जनरेटर असतो म्हणाल. असतोच. डिझेल नसतं, किंवा बॅटरी उतरलेली असते, किंवा चावी ज्याच्याकडे तो रजेवर.

आणि हे फक्त आपल्याकडचं नाही. २००७ मध्ये इंग्लंडात पिरब्राइटला गळक्या ड्रेनेज पाइपातून लाळ्या-खुरकूतचा विषाणू बाहेर पडला आणि आसपासच्या गोठ्यांत गेला. २०१९ मध्ये चीनच्या लांझोउत मुदत संपलेलं जंतुनाशक वापरल्यामुळे ब्रुसेलाचे (गुरांचा गाभ पाडणारे, माणसालाही लागणारे) जंतू हवेतून पसरले, दहा हजारांवर माणसांना लागण झाली. त्यांच्या पाइपा गळतात, तर आमच्या खाऱ्या हवेत गंजलेल्या पाइपांची काय हमी? माकडताप रानात आहे तो परवडला, तालुक्याच्या गावात कुलूप लावून ठेवलेला नको.

चहा_कमी_साखर :
वायरमनदादांना +१. कोकणात इमारत आधी येते, उद्घाटन नंतर, माणसं कधीच नाहीत.

जुना_डॉक्टर :
मी पशुवैद्यकीय अधिकारी म्हणून निवृत्त झालो, सगळी नोकरी घाटाखाली. दोघांचंही अर्धं खरं आहे.

वायरमनसाहेब, तुम्ही दिलेल्या दोन्ही गोष्टी घडल्या, पण त्या कुठे घडल्या ते बघा. लांझोउला लशीचा कारखाना होता, तिथे जंतू टाक्यांनी वाढवत होते. पिरब्राइटच्या आवारातही संशोधन आणि लस, दोन्हींसाठी जिवंत विषाणू वापरात होता. काजूकर मागतायत ते वेगळं आहे. पीसीआरला विषाणू वाढवावा लागत नाही. नमुना आला की सुरक्षा कॅबिनेटमध्ये उघडून आधी त्यातला विषाणू मारतात, मग पुढचं काम. धोका त्या पहिल्या पाच-दहा मिनिटांचा आहे. शून्य नाही, पण लांझोउ पण नाही. वाढवण्याचं काम पुण्या-भोपाळलाच राहू दे, ते तिथेच शोभतं.

आता काजूकर. तुम्ही यंत्र मागता, पण माझ्या अनुभवात नमुना यंत्रापर्यंत पोचायच्या आधीच मरायचा. एकदा मेलेल्या गाईचे नमुने पुण्याला पाठवायचे होते. दवाखान्याच्या फ्रिजमध्ये बर्फाची एक वडी नव्हती, वीज आदल्या रात्रीपासून गेलेली. शिपायाला मोटारसायकलवर बंदरावर पिटाळलं. लिलाव नुकताच उरकला होता, त्याने सुरमईच्या पेटीतला चुरा बर्फ एका दुधाच्या किटलीत भरून आणला. त्यात बाटल्या रोवल्या, वर गोणपाट, आणि किटली रातराणीच्या ड्रायव्हरच्या पायाशी. पोचेपर्यंत बर्फाचं पाणी झालं होतं आणि लेबलची शाई उतरली होती. अहवाल आला : "नमुना तपासणीयोग्य नाही." सोबत म्हावऱ्याचा वास आला असेल तर तेवढं त्यांनी सभ्यपणे लिहिलं नाही.

म्हणून मी आधी छोट्या चाचण्या मागेन. ब्रुसेलासाठी रोझ बेंगाल चाचणी घ्या. पांढऱ्या फरशीच्या तुकड्यावर रक्तजलाचा एक थेंब, गुलाबी अँटिजेनचा (मारलेल्या, रंगवलेल्या जंतूंच्या द्रावणाचा) एक थेंब, काडीने ढवळा आणि चार मिनिटं हलवत राहा. रव्यासारखे कण दिसले तर संशय, गुळगुळीत राहिलं तर नाही. याला वातानुकूलित इमारत लागत नाही. लागतं ते एवढंच, की अँटिजेनची बाटली २ ते ८ अंशांत राहिली पाहिजे आणि ढवळणारा माणूस जागेवर पाहिजे. गाभ टाकलेल्या गाईचा वार उघड्या हाताने ओढणाऱ्यांना या चार मिनिटांची किंमत कळेल.

अंडीवाला :
माझी शेड आहे, म्हणून टोचेल असं लिहितो. तपासणी जवळ आली की निदान लवकर होईल, हे तुम्हाला चांगलं वाटतंय. मला विचारा. बर्ड फ्लू निघाला की एक किलोमीटरच्या आतले सगळे पक्षी मारायचे, दहा किलोमीटरपर्यंत देखरेख. २०२५ च्या जानेवारीत उरणच्या चिरनेरला हेच झालं. मारलेल्या पक्ष्यांची भरपाई मिळते. पण आधी रोगाने मेले त्यांचं काय? ते खड्ड्यात, आणि हिशेबही खड्ड्यात. म्हणजे जो दोन दिवस वाट बघून प्रामाणिकपणे फोन करतो त्याचा तोटा जास्त. वर अख्ख्या जिल्ह्यातलं चिकन आठवडाभर कोणी खात नाही. प्रयोगशाळा शेजारी आणलीत तर लोक मेलेली कोंबडी आणखी खोल पुरतील, एवढंच.

काजूकर :
अंडीवाले, जनावरांच्या संसर्गजन्य रोगांच्या २००९ च्या कायद्याने खबर देणं बंधनकारक आहे, हे तुम्हालाही माहीत आहे.

अंडीवाला :
कायदा माझ्या बँकेचा हप्ता भरतो का?

जुना_डॉक्टर :
त्यांच्या बोलण्यात तथ्य आहे. २०२२ मध्ये गुरांचा लम्पी त्वचारोग आला तेव्हा राज्याने मेलेल्या गाईमागे ३०,००० रुपये, बैलामागे २५,००० आणि वासरामागे १६,००० दिले. त्या वर्षी लोक स्वतः फोन करत होते, "डॉक्टर, अंगावर गाठी आल्यात, बघून जा." मेल्यावरही मिळणार हे माहीत होतं, म्हणून कोणी गाय लपवली नाही. कोंबडीला तो हिशेब लावलेला नाही.

पिपेटवाली :
मी माणसांच्या प्रयोगशाळेत आहे, कोकणातच. २०२० च्या सुरुवातीला रत्नागिरीचे कोरोनाचे स्वॅब मिरजेला जात होते. मग जिल्ह्यातच पीसीआर सुरू झालं आणि फरक सगळ्यांनी बघितला. त्यामुळे "कोकणात होणारच नाही" हे मला मान्य नाही, झालेलं आहे. पण तेव्हा रोज शेकड्यांनी नमुने येत होते. जनावरांचे किती येतील? हंगामात थोडे, पावसाळ्यात त्याहून थोडे. किटला मुदत असते. उघडलेली किट पाच नमुन्यांसाठी वापरून बाकीची फेकायची, हे दोन वर्षं केलंत की तिसऱ्या वर्षी खरेदीची फाइलच कोणी पुढे सरकवत नाही. आणि हात विसरतो. महिनाभर पिपेट धरली नाही तर पहिल्या फेरीत माझासुद्धा कंट्रोल (उत्तर आधीच माहीत असलेला पडताळणीचा नमुना) बिघडतो.

मोठी यंत्रं नकोत असं वाटत असेल तर ट्रूनॅट हे पीसीआरचं छोटं यंत्र बघा. गोव्यातच बनतं, बॅटरीवर चालतं, एकावेळी एक-दोन नमुने लावले तरी काही वाया जात नाही, आणि माकडतापाच्या चाचणीची चिपही तयार झालेली आहे. दोडामार्गाहून गोव्याची हद्द किती लांब, ते काजूकरांनाच विचारा. अडचण वेगळीच आहे. यंत्र आरोग्य खात्याचं, जनावरं पशुसंवर्धनाची आणि वानर वनखात्याचं. माणसाच्या ताप-नमुन्याशेजारी वानराचा नमुना ठेवायचा तर सही कोणाची? हा प्रश्न मी एका बैठकीत विचारला होता. सगळे चहा प्यायले आणि उठले.

चहा_कमी_साखर :
मी त्या बैठकीत नव्हतो, नावावर जाऊ नका.

वायरमन_दापोली :
डॉक्टर, विषाणू आधी मारतात हे मला माहीत नव्हतं, ते मागे घेतो. फ्रीझरचं मागे घेत नाही. नमुने साठवून ठेवायचे नाहीत, तपासून झाले की नष्ट, असं लेखी असेल तर माझा विरोध निम्मा. अँटिजेनच्या बाटल्यांसाठी मात्र सोपा उपाय सांगतो. प्राथमिक आरोग्य केंद्रात लशीसाठी आयएलआर असतो, बर्फाच्या अस्तराचा फ्रिज. दिवसाला आठ तास वीज मिळाली तरी तो थंडी धरतो. गुरांच्या दवाखान्याला तो का नाही, हे मला वीस वर्षांत कळलेलं नाही. खर्च इमारतीच्या मानाने किरकोळ आहे. सोबत ट्रान्सफॉर्मरपासून वेगळी लाइन मागा, आणि झाडं तोडायची परवानगी आत्ताच घ्या, वादळाच्या दिवशी नव्हे.

अंडीवाला :
आयएलआरला माझी हरकत नाही. त्यात अंडी ठेवू नका म्हणजे झालं.

पिपेटवाली :
काजूकर, त्या वानराचं शेवटी काय झालं?

काजूकर :
माणसं आली शुक्रवारी दुपारी. चांगली होती बिचारी, हातमोजे, गमबूट घालून आली. पण उन्हाने पोट फुगून फुटलं होतं, नमुना घेण्यासारखं काही उरलं नाही म्हणाले. लाकडं रचून तिथंच जाळलं, भोवती ५० फुटांवर पावडर मारली आणि पांढऱ्या फडक्याने पाला झाडून गोचिडी गोळा करून नेल्या. त्या पुण्याला गेल्यात.

गोचिडी चिकटू नयेत म्हणून अंगाला लावायच्या डेपा तेलाच्या बारा बाटल्या मिळाल्या. बायका विचारतायत सोमवारी यायचं का. वरच्या अंगाला काजूचा सडा पडलाय, मी अजून काही सांगितलेलं नाही.