सायकलचा ‘आरा’ की ‘तार’?

सायकलचं चाक बांधायला शिकतोय. शिकताना मराठीत टिपणं काढतो. स्पोकला ‘आरा’ लिहिलं होतं, मित्राने ते खोडून ‘तार’ केलं. कोशात तर आराच आहे. बरोबर कोण? आणि ‘थ्री क्रॉस लेसिंग’ला काय म्हणावं?

— मी तुमच्या मित्राच्या बाजूने. आरा बैलगाडीचा. तुंब्यापासून, म्हणजे चाकाच्या मधल्या ठोकळ्यापासून, कडेच्या लाकडापर्यंत घट्ट ठोकलेला तो दांडा खांबासारखा उभा राहून ओझं पेलतो. अशोकचक्रातही २४ आरे आहेत, तिथे हाच शब्द शोभतो. सायकलची तार मात्र जेमतेम २ मिलिमीटर जाडीची, दाब आला तर ती वाकेलच. तिचं सगळं बळ ताणात. चाक बांधतानाच सगळ्या तारा ताणून ठेवतात. माणूस बसला की खालच्या तारांचा ताण थोडा कमी होतो, बस्स. ज्याचं काम ताणलेलं राहण्याचं, त्याला तारच म्हणावं.

लेसिंगसाठी एक शब्द पुरणार नाही. हबच्या, म्हणजे चाकाच्या मधल्या भागाच्या, भोकातून तार घालणं म्हणजे ‘ओवणं’. पुढे खरी ‘वीण’. ३६ भोकांच्या हबला एका बाजूला १८ तारा. ९ एका दिशेला तिरक्या, ९ उलट दिशेला. प्रत्येक तार रिमपर्यंत, म्हणजे बाहेरच्या कड्यापर्यंत, जाताना आपल्याच बाजूच्या तिघींना छेदते. पहिल्या दोन छेदांना एकाच अंगाने जाते, तिसऱ्याला अंग बदलते. बाज विणताना सुंभ वरखाली जातो, तसंच हे. म्हणून मी ‘तीन फुल्यांची वीण’ म्हणेन. फुली हा शब्द आपण लहानपणापासून वापरतो, ‘त्रिछेदी’पेक्षा तो लगेच कळतो.

— फुली आवडली. पण दुकानात ‘तारा भरल्या’ म्हणतात, ‘विणल्या’ नाही.

— खरं आहे, आणि ‘भरणं’ राहू द्यावंच. ते सगळ्या कामाचं नाव, वीण हे त्यातल्या मांडणीचं. नंतर चाक डुलतं ते निपल (तारेच्या रिमकडच्या टोकाची छोटी चाकी) पिळून सरळ करण्याला ‘आउट काढणं’ म्हणतात. त्याला तर दुसरा शब्द शोधूच नये.

— ‘टँजेंशियल’ला ‘स्पर्शिकीय’ लिहू का?

— ‘तिरकी’ लिहा. कॉव्हेन्ट्रीच्या जेम्स स्टार्ली यांनी १८७४ मध्ये तिरक्या तारांच्या चाकाचं पेटंट घेतलं, त्यातलं मर्म तिरकेपणातच आहे. पायडल मारलं की हब आधी फिरू पाहतो. तारा सरळ असतील तर ती ओढ रिमपर्यंत नीट पोचत नाही. तिरकी तार रिमला ओढून नेते. म्हणून मागच्या चाकाला फुल्या लागतातच, पुढच्याला काही जण सरळ तारा भरतात. त्या ‘रेडियल’ला ‘बिनफुलीची वीण’ म्हणू नका, तिथे वीणच नसते. ‘सरळ तारा’ पुरे.