जर्मन परीक्षेची अट तुम्हाला नाही

ताई, तुमचे यजमान जर्मन नागरिक आणि तुम्ही दोघं राहायला चाललात नेदरलँड्सला. मग जोडीदाराच्या व्हिसासाठी कुणीतरी तुम्हाला सुचवलेली जर्मन भाषेची ए-वन, म्हणजे अगदी प्राथमिक पातळीची, परीक्षा कशाला? ती अट जोडीदाराला थेट जर्मनीत न्यायचं असेल तेव्हाची. दुसऱ्या सदस्य देशात जाताना युरोपीय संघाचा २००४/३८ हा निर्देश, म्हणजे सगळ्या सदस्य देशांना बांधील असलेला नियम, लागू होतो. त्यात भाषेची परीक्षा नाही, व्हिसाला शुल्क नाही आणि तुम्हाला तिथे नोकरीचाही हक्क आहे. यजमान तिथे नोकरी करणार असतील तर किमान पगाराची अटही नाही. व्हिसाच्या काउंटरवर कुणी बँकेची स्टेटमेंटं मागितली, तर निर्देशाचा क्रमांक सांगून शांतपणे पण ठामपणे बोला. हा तुमचा हक्क आहे, कुणाची मेहेरबानी नाही!

लग्न भारतात झालं असेल तर प्रमाणपत्रावर परराष्ट्र मंत्रालयाचं अपोस्टील, म्हणजे कागद खरा असल्याचा परदेशात चालणारा शिक्का, इथूनच करून घ्या. तिकडून फार धावपळ होते.

आणि पुढे जर्मनीत परतायचं झालं तर १९९२ चा सुरिंदर सिंग निकाल वाचाच. पती भारतीय, पत्नी ब्रिटिश, दोघं जर्मनीत नोकरी करून ब्रिटनला परतलेले. युरोपीय न्यायालयाने मायदेशी परततानाही जोडीदाराचा सोबत राहण्याचा हक्क मान्य केला. मात्र परदेशातलं वास्तव्य खरंखुरं हवं, म्हणून भाडेकरार आणि पगारपत्रकं जपून ठेवा.