मदत हवी आहे: नोकरी सांभाळून पदवी करावी का?

नमस्कार मंडळी. मी सातपूर एमआयडीसीत क्वालिटीला आहे. मेकॅनिकल डिप्लोमा झाल्या झाल्या घरच्या गरजेपोटी नोकरीला लागले. आता मुलगी दहावीत आहे आणि मला पुन्हा शिकायचंय.

नव्या इंजिनिअरना लाइन आम्हीच शिकवतो, पण आमच्याकडे सुपरवायझरच्या वरची जागा पदवीशिवाय मिळत नाही. हे एक कारण झालं. त्याहून मोठं म्हणजे, रोज जे कंट्रोल चार्ट (मालाची मापं मर्यादेत आहेत ना ते दाखवणारे आलेख) भरते त्यामागचं स्टॅटिस्टिक्स मला मुळापासून समजून घ्यायचंय. घरी हे बोलले की ‘या वयात कशाला?’ एवढंच ऐकू येतं. फार लागतं ते मनाला.

मुक्त विद्यापीठ १९८९ पासून आपल्या नाशकातच आहे, आणि मान्यताप्राप्त दूरस्थ पदवी यूजीसी (विद्यापीठ अनुदान आयोग) नियमित पदवीच्या बरोबरीची मानते. पण इंजिनिअरिंगची पदवी दूरस्थ पद्धतीने चालत नाही. त्यासाठी एआयसीटीईने (तंत्रशिक्षणाची केंद्रीय परिषद) नोकरदारांसाठी सोयीच्या वेळेत वर्ग घेण्याची परवानगी कॉलेजांना दिली आहे. म्हणजे मुक्तमधून बीकॉम करून पुढे एमबीए, नाहीतर थेट बीई. माझा ओढा बीईकडेच आहे.

नाशिकमध्ये असे वर्ग कोणी केलेत का? फिरती शिफ्ट असताना हजेरी कशी जमवली? वरिष्ठांनी शिफ्ट बदलून दिली का? आणि तुम्ही परत शिकायला लागलात ते बढतीसाठी की आणखी कशासाठी, तेही जरूर लिहा. विशेषतः ताईंनो, घरचं कसं निभावलंत?