को-पे दहा टक्के असताना खिशातून ७५,७६० रुपये कसे गेले?

प्रश्न (हिशेबी)
आईच्या मांडीचे हाड मोडल्यामुळे साताऱ्यात शस्त्रक्रिया करून प्लेट बसवावी लागली. बिल १,६०,००० रुपये झाले. त्यात चार दिवसांचे खोलीभाडे २०,०००, शस्त्रक्रिया, भूल, डॉक्टर व नर्सिंग यांचे ८०,००० आणि प्लेट, औषधे व तपासण्यांचे ६०,००० रुपये होते. आरोग्य विमा ३ लाखांचा आणि को-पे (खर्चातला आपण स्वतः भरायचा हिस्सा) दहा टक्के असल्याने आपल्या वाट्याला फार तर सोळा हजार येतील, असे मी धरून चाललो होतो. प्रत्यक्षात कंपनीने ८४,२४० रुपयेच मंजूर केले. खोलीभाड्याची मर्यादा विमा रकमेच्या एक टक्का, म्हणजे दिवसाला ३,००० रुपये आहे, हे मला डिस्चार्जच्या दिवशी समजले. पण त्यामुळे फार तर आठ हजार कापले जायला हवे होते ना?

प्रतिसाद (जुना_सर्व्हेअर)
नाही, आणि बहुतेकांची चूक नेमकी इथेच होते. तीन हजारांची मर्यादा असताना पाच हजारांची खोली घेतली, की खोलीशी निगडित असलेला बाकीचा खर्चही तीन-पंचमांश, म्हणजे साठ टक्केच मान्य होतो, कारण अनेक रुग्णालयांत खोलीच्या वर्गानुसार शस्त्रक्रियेचे आणि डॉक्टरांचे दरही चढतात. मात्र तुमच्या आकड्यांवरून कंपनीने सरसकट सगळ्यालाच साठ टक्क्यांची कात्री लावलेली दिसते. हातमोजे वगैरे, विम्यातून पैसे न मिळणाऱ्या वस्तूंचे चार हजार वजा केले आहेत का?

हिशेबी
होय, बरोबर चार हजारच.

जुना_सर्व्हेअर
मग हिशेब जुळला : १,५६,०००चे साठ टक्के ९३,६०० आणि त्यातून दहा टक्के को-पे गेल्यावर ८४,२४०. पण कंपनीची ही सरसकट कपातच चुकीची आहे. विमा नियामक प्राधिकरणाच्या २०२०च्या सूचनांनुसार औषधे, इम्प्लांट (शरीरात बसवलेली प्लेट वगैरे) आणि तपासण्या यांवर खोलीभाड्याच्या प्रमाणात अशी प्रमाणशीर कपात करता येत नाही. योग्य हिशेबात खोलीचे १२,०००, शस्त्रक्रियेचे ४८,००० आणि प्लेट-औषधांचे (ते चार हजार वगळून) पूर्ण ५६,००० मिळून १,१६,००० होतात. को-पे नेहमी या मान्य रकमेवर लागतो, मूळ बिलावर नव्हे. तो वजा जाता १,०४,४०० रुपये मिळायला हवेत, म्हणजे २०,१६० रुपये कमी दिले आहेत.

प्रतिसाद (बिलिंग_काउंटर)
मी रुग्णालयाच्या बिलिंग विभागात काम करते. एक गोष्ट आधी तपासा : तुमच्या रुग्णालयात शस्त्रक्रियेचा दर सर्व वर्गांच्या खोल्यांना सारखाच असेल, तर त्या ८०,०००वरही प्रमाणशीर कपात लागू होत नाही आणि देय रक्कम १,३३,२०० होते. दरपत्रकाची शिक्का मारलेली प्रत मागून घ्या. (दाखल करताना आम्ही खोलीच्या वर्गाचा फॉर्म पुढे करतो, तेव्हा रुग्णाला वेदना होत असतात आणि नातेवाईक न वाचताच सही करतात. त्या घाईत त्यांना दोष देण्याचे धाडस मला तरी होत नाही.)

हिशेबी
दरपत्रक आजच आणले. इथे वर्गानुसार दर वेगळे आहेत, त्यामुळे ८०,०००वरील कपात मान्य करावी लागेल. २०,१६० रुपयांसाठी मात्र कंपनीच्या तक्रार निवारण विभागाला लिहितो आहे.

जुना_सर्व्हेअर
पत्राला तपशीलवार बिल आणि प्लेटचे स्टिकर जोडा. महिन्याभरात उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या विमा लोकपालांच्या पुणे कार्यालयात अर्ज करा. तिथे शुल्क भरावे लागत नाही आणि वकीलही लागत नाही.