'अमर पेशी' की 'अजर पेशी'?

– पेशींच्या वयावर एक लेख लिहितेय आणि तीन शब्दांशी अडलेय. टेलोमिअर, सेनेसन्स, आणि 'इमॉर्टल' पेशी. सध्या 'अंत्यखंड', 'वृद्धत्व' आणि 'अमर पेशी' असं लिहून ठेवलंय. चालेल का?

– अंत्यखंड शब्दार्थाने चोख आहे. आनुवंशशास्त्रज्ञ हर्मन म्युलर यांनी १९३८ मध्ये मूळ शब्द घडवला तो ग्रीक 'टेलोस' (शेवट) आणि 'मेरोस' (भाग) यांतूनच. पण खंड म्हटलं की तुटका तुकडा डोळ्यांपुढे येतो. हे तर गुणसूत्राचं टोक उसवू नये म्हणून असलेलं टोपण. मी टेलोमिअरच ठेवीन.

– 'वृद्धत्व' मात्र नको. वृद्ध आला 'वृध्' धातूपासून, म्हणजे वाढणे. वृद्धी त्याचीच बहीण. आणि इथे तर वाढच थांबलेली! हेफ्लिक आणि मूरहेड या शास्त्रज्ञांनी १९६१ मध्ये दाखवलं की माणसाच्या साध्या पेशी प्रयोगशाळेत साधारण ४० ते ६० वेळा दुप्पट होतात आणि थांबतात. डीएनएची नक्कल होताना अगदी टोकाचा भाग सुटतो, त्यामुळे दर विभाजनात टेलोमिअर झिजतं. ते फार आखूड झालं की पेशी विभागणं सोडते. मरत नाही, उलट आसपास दाह वाढवणारी द्रव्यं सोडत बसते. तिला 'जीर्ण पेशी' म्हणा. जरा, जर्जर, जीर्ण, सगळे 'जॄ' धातूचे.

– मग जी जीर्ण होत नाही ती 'अजीर्ण पेशी'? वाचक पोट चोळत बसतील.

– म्हणून तर 'अजर'. अजरामर आपण एका दमात म्हणतो, पण त्यात शब्द दोन आहेत: जरा नसलेला आणि मरण नसलेला. हेन्रिएटा लॅक्स यांच्या कर्करोगाच्या गाठीतून १९५१ मध्ये घेतलेल्या हेला पेशी आजही विभागताहेत, कारण त्यांच्यात टेलोमरेज हे विकर (एन्झाइम) झिजलेली टोकं पुन्हा भरून काढतं. पण उष्णता द्या, विष द्या, पोषण तोडा, त्या मरतातच. अजर आहेत, अमर नाहीत.

– बरोबर, पण नुसतं 'अजर' छापलं तर मुद्रितशोधक 'अमर' करून टाकेल.

– तेच झालंय! पहिल्या खर्ड्यात एकदा सहज 'अजर' लिहिलं होतं, ते 'अमर' होऊन परत आलं. आता कंसात 'जरा नसलेली' लिहून पाठवते.