बस 'वापरणारे' की बसमधून जाणारे? एक पत्रक अडलंय

खानापूरची_माई: मंडळी, रविवारी आमच्या वाचनालयात बैठक आहे. पांढरी काठी घेणारे दोघं, व्हीलचेअरवरची एक मुलगी, बेळगावजवळच्या येळ्ळूरहून भाजीची बुट्टी घेऊन येणाऱ्या बायका, गुडघे गेलेले एक आजोबा. सिटीबस नि थांबे कसे हवेत ते यांनी सांगायचं, आराखडा काढणाऱ्यांनी ऐकायचं. पत्रकाचं कन्नड झालं, मराठी माझ्या गळ्यात. मूळ इंग्रजी 'इन्क्लुझिव्ह डिझाइन'मध्ये 'डायव्हर्स युझर्स'ना घेणं. मी लिहिलं, 'सर्वसमावेशक रचनेत विविध वापरकर्त्यांचा सहभाग'. आईला वाचून दाखवलं. म्हणाली, "यात बस कुठं हाय गं?"

शब्दवेडा: वापरकर्ता मोबाइलचा. बसचा तो उतारू! जुना, अस्सल शब्द, मोल्सवर्थच्या जुन्या मराठी-इंग्रजी कोशातही आहे. नदी चालत पार करता येते त्या जागेला 'उतार' म्हणतात ना? तिथून पलीकडे जातो तो उतारू. मलप्रभेकाठच्या माणसाला हे सांगायला नको.

कॅम्पातला_काका: व्युत्पत्ती गोड आहे, पण उतरायच्या आधी चढायचं असतं. साध्या बसचा तळ जमिनीपासून ९०० मिलिमीटर, लो-फ्लोअरचा ४००. आमच्या हिचा गुडघा यातला फरक कोशाशिवाय सांगतो. 'चढारू' करा.

निपाणीकर: उतार म्हणजे रॅम्पसुद्धा. एका इमारतीत रॅम्पवर पाटी पाहिली, 'उतरंड'. आमच्या घरात उतरंड म्हणजे एकावर एक रचलेली मडकी. मी पायऱ्यांनीच गेलो.

कुबडीवाला: दोन शब्द माझेही. कन्नड पत्रकात 'विकलचेतन' असणार, तो तिकडचा सरकारी शब्द. मराठी माणसाला वाटतं आमचं डोकंच गेलंय. आपला 'दिव्यांग' मला देव्हाऱ्यात बसवतो, मला खिडकीशी बसायचंय. मी स्वतःला अपंग म्हणतो, कुणाला टोचलं तर टोचू दे. आणि माई, 'विविध'नं काही कळत नाही. १९९५च्या कायद्यात अपंगत्वाचे ७ प्रकार होते, २०१६च्या कायद्यात २१ झाले. कोण कोण येणार ते नावानिशी लिहा. कंडक्टर कन्नडात ओरडतो ते 'मुंद होग्री, मुंद होग्री', म्हणजे पुढं सरका, तेवढं सगळ्यांना सारखं लागू. त्याहून सर्वसमावेशक शब्द मी ऐकलेला नाही.

भाषाप्रेमी_टिळकवाडी: 'डिझाइन' तसंच ठेवणार? महाराष्ट्राच्या बांधकाम खात्यात 'संकल्पचित्र' रूढ आहे. सावरकरांनी 'महापौर' दिला, आज बेळगावात कन्नड बोलणाराही तोच वापरतो. शब्द रुजवावा लागतो.

निपाणीकर: सर, महापौर एकच असतो. बसमध्ये साठ माणसं असतात. संकल्पचित्र म्हटलं की आमची आजी हात जोडेल.

कॅम्पातला_काका: कन्नडात डिझाइनला 'विन्यास'. संस्कृतच आहे, उचला की.

भाषाप्रेमी_टिळकवाडी: म्हणजे केशविन्यासाच्या दुकानात बस पाठवायची?

वडगावची_वैनी: 'सहभाग'वर कुणीच बोललं नाही. आम्हालाबी एकदा बोलावलं होतं. चहा दिला, बिस्कीट दिलं, सही घेतली. शेड आधीच बांधून झालेलं! बाक एवढा उंच की म्हाताऱ्या माणसाचे पाय लोंबकळतात, उन्हात पत्रा तापतो. त्याला सहभाग म्हणत असतील तर म्हणा. काय करूलालेत ते आधी इचारलंय कोण? माई, 'आधी विचारून' एवढंच घाला.

खानापूरची_माई: वैनी, घेतलं. 'बस कशी हवी, आधी तुम्हीच सांगा.' पण इंजिनिअर म्हणतात, मथळ्यात 'समावेशक' हवंच, वर तोच शब्द गेलाय.

शब्दवेडा: 'सर्व' काढलंत ते बरं. 'समावेशक'मध्ये सगळे आलेच, 'सर्व' म्हणजे पिवळा पीतांबर. उतारूचं काय ठरलं?

कॅम्पातला_काका: उतारा सातबाराचा, उतारा दृष्टीचा. आता उतारूही नको.

शब्दवेडा: काका, धातू एकच आहे, थट्टा कसली! वेगळा धागा काढतो.

निपाणीकर: माई, खाली 'बसेस' लिहिलंय. 'बस'चं अनेकवचन आमच्याकडे 'बशी'.

भाषाप्रेमी_टिळकवाडी: बशीत चहा ओततात. 'बसगाड्या' लिहा.

खानापूरची_माई: आई म्हणते, बशीच लिही.